वायुगळती झाली, तर आपल्या रुग्णालयांचे दार तयार आहे का?

अपघात_कक्ष (धागालेखक)

नमस्कार. मी गोव्यातील एका सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत डॉक्टर म्हणून काम करतो. रासायनिक अपघातांची आपल्याकडे चर्चा होते ती कारखाना, टँकर आणि अग्निशामक दल यांच्यापुरतीच होते, आणि रुग्णालय म्हणजे सगळे आटोपल्यावर जखमींना स्वीकारणारी सुरक्षित जागा, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. मला हे गृहीतक फार धोक्याचे वाटते. वायुगळतीनंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात रुग्णालय हेच दुसरे अपघातस्थळ होऊ शकते, आणि ते तसे होऊ नये म्हणून जी तयारी लागते ती आयसीयूच्या आधी दारात करावी लागते.

धोका आपल्यापासून दूर नाही. १९ जानेवारी २०१८ रोजी पहाटे वास्कोजवळच्या चिखलीत अमोनियाचा टँकर उलटला, तेव्हा आसपासच्या लोकांना घरे सोडून बाहेर पडावे लागले आणि काही जणांना रुग्णालयात न्यावे लागले. ऑक्टोबर २०१९ मध्ये नाफ्ता या ज्वलनशील इंधनाने भरलेले ‘नू शी नलिनी’ हे जहाज दोना पावलाजवळ खडकांत अडकून पडले होते. जानेवारी २०२३ मध्ये पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्याला मोठी आग लागली. या घटना निदान बातम्यांत आल्या. ज्यांची बातमी होत नाही अशा जागा कितीतरी आहेत. बर्फाचे कारखाने आणि मासळीची शीतगृहे अमोनियावर चालतात, पाणी शुद्ध करायला क्लोरीन लागतो, जलतरण तलावाच्या यंत्रखोलीत क्लोरीनची भुकटी आणि आम्ल एकाच फळीवर ठेवलेले आढळते, आणि औषध कारखान्यांत ज्वलनशील द्रावकांची पिंपे रचलेली असतात.

रुग्णालयाचे काय होते, हे समजून घेण्यासाठी टोकियोचे उदाहरण मला सर्वांत उपयोगी वाटते. २० मार्च १९९५ रोजी सकाळी तिथल्या भुयारी रेल्वेत सारीन हा विषारी पदार्थ सोडण्यात आला. सेंट ल्यूक्स या एकाच रुग्णालयात त्या दिवशी ६४० रुग्ण आले. त्यांतले बहुतेक चालत, टॅक्सीने किंवा कोणाच्या तरी गाडीतून आले. रुग्णवाहिकेने आलेले थोडेच होते. कोणाचेही कपडे उतरवलेले नव्हते, कोणाचेही अंग धुतलेले नव्हते. जागा अपुरी पडल्यामुळे रुग्णालयातील प्रार्थनागृहात रुग्णांना ठेवण्यात आले आणि तिथे वारा नीट खेळत नव्हता. पुढे केलेल्या पाहणीत सुमारे २३ टक्के कर्मचाऱ्यांनी आपल्यालाही त्रास झाल्याचे सांगितले. आधी निरोप आला होता तो ॲसिटोनायट्राइल या दुसऱ्याच रसायनाचा. सारीनचे नाव कळायला सुमारे तीन तास गेले. दरम्यान, आदल्या वर्षी मात्सुमोतो शहरात सारीनचे रुग्ण हाताळलेल्या एका डॉक्टरांनी बातम्या पाहिल्या आणि ही लक्षणे आपण पाहिलेली आहेत असे आपण होऊन फोनवर कळवले. आपल्या भोपाळमध्येही १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्री हमीदिया रुग्णालयाच्या डॉक्टरांपुढे हजारो माणसे गुदमरत होती आणि वायू कोणता, त्यावर उतारा काय, हे त्यांना खात्रीने सांगणारे कोणी नव्हते.

यावरून माझ्या मनात आलेली किमान अपेक्षा अशी आहे. कॅज्युअल्टीच्या दाराबाहेर, छपराखाली, भरपूर पाण्याचे दोन लांब पाइप आणि आडोसा असावा. सुरक्षारक्षकाला आणि अटेंडंटला हे ठाऊक असावे की डोळे चोळत, खोकत, एकाच ठिकाणाहून तीन-चार माणसे आली तर त्यांना थेट आत सोडायचे नाही. आणि परिसरातल्या प्रत्येक धोकादायक कारखान्यातील, रात्री तीन वाजता फोन उचलणाऱ्या माणसाचा क्रमांक भिंतीवर लिहिलेला असावा. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. आपापल्या ठिकाणी काय आहे आणि काय नाही, ते कृपया लिहावे.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. तुम्ही लिहिले आहे ते मी जवळून पाहिले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही.

बर्फाच्या कारखान्यातला एक कामगार पिकअपमधून आणला होता. व्हॉल्व्ह दुरुस्त करताना द्रवरूप अमोनिया त्याच्या अंगावर उडाला होता. त्याचा शर्ट छातीपासून कमरेपर्यंत ओला होता आणि डोळे त्याने घट्ट मिटून घेतले होते. सोबत्यांनी त्याला उचलून सरळ आतल्या खाटेवर ठेवले. खोलीचे दार बंद, वातानुकूलन चालू. काही मिनिटांतच खाटेभोवतीच्या आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागले, आणि शेजारच्या खाटेवर दम्याची एक वृद्ध बाई होती, तिची धाप वाढली. शेवटी एका अनुभवी अटेंडंटने कात्रीने तो शर्ट कापला, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीचे तोंड बांधून ती बाहेर नेली आणि खिडक्या उघडल्या. निम्मा वास तिथेच गेला.

यातून दोन गोष्टी मला ठामपणे सांगायच्या आहेत. पहिली कपड्यांची. कपडे उतरवले की अंगावरचे बहुतेक रसायन त्यांच्याबरोबर निघून जाते, हे प्रशिक्षणात सांगतात. पण ते डोक्यावरून ओढून काढायचे नसतात, कारण तसे केल्यास तेच रसायन चेहऱ्यावर आणि डोळ्यांत जाते. समोरून कापायचे. त्यासाठी दारात मजबूत कात्री हवी, पिशव्या हव्यात आणि पिशवीवर नाव लिहायला मार्कर हवा, कारण पाकीट, मंगळसूत्र, मोबाइल हे सगळे त्याच पिशवीत जाते आणि नंतर त्यावरून तंटे होतात. दुसरी गोष्ट आडोशाची. स्त्रिया चारचौघांत कपडे काढणार नाहीत, आणि त्यांनी तसे करावे अशी अपेक्षा ठेवणेही योग्य नाही. पडदा, स्वच्छ गाऊन आणि एक परिचारिका एवढे असले, तरच बाईमाणूस धुण्याला तयार होते. आराखड्यात हा मुद्दा मला अजून कुठे वाचायला मिळालेला नाही.

डोळ्यांबद्दलही लिहिते. अमोनिया अल्कधर्मी असल्याने डोळ्यांत आत आत उतरत जातो. दोन मिनिटे पाणी मारून पट्टी बांधणे म्हणजे उपचार नव्हे. सलाइनची बाटली लावून निदान अर्धा तास धुवावे लागते, मग पापणीच्या आतल्या कडेला पीएच कागदाची (आम्ल-अल्क दाखवणारी) पट्टी टेकवून पाहायची आणि आकडा सातच्या आसपास येईपर्यंत पुन्हा धुवायचे. ही पट्टी अगदी स्वस्त असते. आमच्याकडे ती प्रयोगशाळेत होती, कॅज्युअल्टीत नव्हती.

वेर्णा_सेफ्टी

मी एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. डॉक्टरबाब, फोन क्रमांकाचा तुमचा मुद्दा मान्य आहे, पण कारखान्यांकडून माहितीच मिळत नाही, असा कोणाचा समज होत असेल तर तो दुरुस्त करावासा वाटतो. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या जनतेला देणे बंधनकारक झाले. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार मोठ्या साठ्याच्या कारखान्याला आपल्या आवारापुरता आपत्कालीन आराखडा करावा लागतो व दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम घ्यावी लागते. आवाराबाहेरचा आराखडा जिल्हा प्रशासनाने करायचा असतो. १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर संकटनिवारण गट आले. म्हणजे कागद तयार होतात आणि ते जातातही. पण ते जातात कारखाने निरीक्षणालयात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात. कॅज्युअल्टीतल्या टेबलावर ते पोहोचत नाहीत, ही खरी उणीव आहे.

शिवाय पोहोचले तरी त्या स्वरूपात त्यांचा उपयोग होणार नाही. सुरक्षा माहितीपत्रकाचे सोळा भाग असतात. मध्यरात्री ड्यूटीवरच्या डॉक्टरला त्यांतला प्रथमोपचाराचा चौथा भाग, संरक्षक साधनांचा आठवा आणि विषबाधेचा अकरावा एवढेच हवे असतात. आम्ही एका वर्षी प्रत्येक मुख्य रसायनाचे एक पान तयार केले: नाव, वास आणि रंग, शरीरावर काय होते, धुवायचे कसे, कोणता उतारा, त्रास उशिरा सुरू होऊ शकतो का, आणि आमच्या शिफ्ट इन्चार्जचा क्रमांक. ते पान लॅमिनेट करून जवळच्या आरोग्य केंद्रात स्वतः नेऊन दिले. पहिल्यांदाच तिथल्या डॉक्टरांशी आमचे समोरासमोर बोलणे झाले, आणि त्यांनी विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर आमच्या पानावर नव्हते. त्यांनी विचारले होते की, रुग्णाला किती तास थांबवून घ्यायचे?

अपघात_कक्ष

तो प्रश्न अगदी मर्माचा आहे, म्हणून मध्येच उत्तर देतो. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, त्यामुळे तो डोळे, नाक, घसा यांवर लगेच झोंबतो आणि माणूस पळून जातो. फॉस्जीन किंवा नायट्रोजन डायऑक्साइड हे वायू तसे नाहीत. रुग्ण सुरुवातीला थोडा खोकतो, बरे वाटते म्हणून घरी जातो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, त्याच्या फुफ्फुसांत पाणी भरते. क्लोरीन हा अमोनिया आणि हे वायू यांच्या मधला आहे. म्हणून रसायनाचे नाव कळेपर्यंत कोणालाही ‘ठीक आहे, जा’ म्हणून सोडू नये, आणि सोडले तर कोणत्या लक्षणांवर परत यायचे ते लिहून द्यावे. तुमच्या पानावर ही ओळ जरूर घाला.

फोंडेकार

माझे लहान नर्सिंग होम आहे. इथे जे चालले आहे ते वाचून मला काळजी वाटते, कारण दाराबाहेर पाइप, आडोसा, वेगळी वाट, यांपैकी काहीही आमच्या इमारतीत शक्य नाही. खाली दुकाने आहेत, वर आम्ही आहोत. रात्री एक डॉक्टर, दोन परिचारिका. अशा वेळी रुग्णाला न स्वीकारता सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) पाठवणे हेच सर्वांच्या हिताचे नाही का? निदान तिथे मनुष्यबळ तरी आहे.

अपघात_कक्ष

तुमची अडचण खरी आहे आणि तुम्ही एकटे नाही. पण न धुता पाठवलेला रुग्ण वाटेतल्या गाडीत तेच रसायन अंगावर बाळगून बसतो. फोंड्याहून बांबोळीला पोहोचेपर्यंत अल्कली किंवा आम्ल त्याच्या त्वचेत शिरत राहील आणि चालक व सोबतचा नातेवाईक यांनाही त्रास होईल. १०८ च्या कर्मचाऱ्यांचेही तेच. म्हणून तुम्हाला सुचवतो ते एवढेच, की कपडे उतरवणे आणि पाणी ओतणे हे तुमच्या तळमजल्याच्या आवारात करावे, त्यासाठी खालच्या नळाला लावता येईल असा पाइप ठेवावा, आणि त्यानंतर पाठवावे. श्वास अडला असेल तर मात्र धुण्यासाठी वेळ घालवू नये. एकाने कपडे कापावेत आणि दुसऱ्याने श्वासमार्ग सांभाळावा. ज्याने वायू नुसता श्वासात घेतला आहे आणि ज्याचे कपडे कोरडे आहेत, त्याच्यापासून तुमच्या कर्मचाऱ्यांना फारसा धोका नसतो. अंगावर द्रव किंवा भुकटी असलेला रुग्ण वेगळा. हा फरक ओळखता आला, तरी तुमच्या रात्रपाळीची निम्मी भीती कमी होईल.

अग्निसेवक

अग्निशामक दलातून निवृत्त झालो आहे. रुग्णालयवाल्यांनी वाऱ्याचा विचार केलेला मला क्वचितच दिसला, म्हणून लिहितो.

वायूचा ढग रुग्णालयापर्यंत येणारच नाही, असे कोणी समजू नये. चिखलीचेच उदाहरण घ्या. बंदर, विमानतळ, झुआरीनगरचा खत कारखाना यांना जोडणाऱ्या पट्ट्यात ते गाव आहे आणि उपजिल्हा रुग्णालय त्याच गावात आहे. तिथे रस्त्यावर काही घडले, तर रुग्णालयाला रुग्ण घेण्याआधी स्वतःच्या खिडक्यांचा विचार करावा लागेल. अमोनिया हवेपेक्षा हलका आहे हे पुस्तकात खरे आहे, परंतु दाबाखालचा थंड द्रव एकदम फुटून बाहेर आला आणि हवा दमट असली, तर त्याचे पांढरे धुके जमिनीलगत सरपटत जाते. आपली हवा वर्षातले बहुतेक महिने दमटच असते. क्लोरीन तर हवेच्या जवळपास अडीच पट जड आहे. तो तळघरात, गटारात, खोलगट रस्त्यावर साचतो. तेव्हा क्लोरीनच्या वेळी वरचे मजले आणि बंद खिडक्या सुरक्षित, आणि तळघरातला औषधसाठा किंवा जनरेटरची खोली धोक्यात.

पावसाळ्यात आपल्याकडे वारा समुद्राकडून, नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो. हिवाळ्यात पहाटे तो जमिनीवरून समुद्राकडे आणि दुपारी उलट वाहतो. म्हणजे रुग्णांना धुण्याची एकच जागा बारा महिने चालणार नाही. इमारतीच्या दोन बाजूंना दोन जागा ठरवून ठेवाव्यात. गच्चीवर एक साधी वातदर्शक पिशवी लावावी आणि मध्यवर्ती वातानुकूलनाची हवा आत घेणारी जागा कुठे आहे व तिचे बटण कोण बंद करणार, हे नावानिशी ठरवावे. मी अनेक इमारतींची तपासणी केली आहे, आणि ते बटण कुठे आहे हे एका इलेक्ट्रिशियनलाच माहीत असते. तो रजेवर असला की कोणालाच माहीत नसते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत काय परिस्थिती असते, ते गोव्यात कोणाला सांगायला नको.

औषधालय

औषधांच्या बाजूने थोडे. उतारा असलेली विषे थोडीच आहेत. बहुतेक वायूंवर प्राणवायू, नेब्युलायझर आणि लक्ष ठेवणे हाच उपचार. पण जिथे उतारा आहे तिथे तो पुरेसा हवा. कीटकनाशकाच्या ऑर्गनोफॉस्फेट विषबाधेत ॲट्रोपिन लागते. आपल्याकडे त्याची अँप्युल ०.६ मिलिग्रॅमची मिळते, आणि छातीतला स्राव थांबेपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत न्यावी लागत असल्याने एकाच गंभीर रुग्णाला पहिल्या तासात डझनांनी अँप्युल लागू शकतात. दहा रुग्ण एकदम आले, तर लहान रुग्णालयाचे कपाट रिकामे होईल. सायनाइडवर हायड्रोक्सोकोबालामिन किंवा सोडियम थायोसल्फेट, हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या भाजण्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट, रक्ताचा रंग चॉकलेटी करणाऱ्या विषांवर मिथिलीन ब्लू. ही औषधे प्रत्येक आरोग्य केंद्रात ठेवणे परवडणार नाही आणि मुदत संपून वाया जातील. म्हणून उत्तरेला म्हापसा, दक्षिणेला मडगाव आणि मध्ये गोमेकॉ अशा तीन ठिकाणी साठा ठेवून तो कोणत्या गाडीने, कोणाच्या सहीने, किती वेळात हलवायचा हे आधीच ठरवणे मला व्यवहार्य वाटते. सहीचा प्रश्न क्षुल्लक समजू नये. रात्री साठ्याची किल्ली असणारा माणूस सापडत नाही, हे मी पाहिलेले आहे.

रात्रपाळी

आणखी एक बाजू राहून जाते आहे. रुग्णालयाच्या आतही रसायने आहेत: फॉर्मालिन, ग्लुटारल्डिहाइड, प्रयोगशाळेतील झायलीन. शौचालय धुण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकाच बादलीत घातली की क्लोरीन सुटतो, हे नव्या सफाई कामगाराला कोणी सांगितलेले नसते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाच्या आगीत दहा बाळे गेली, आणि त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती होऊन पुरवठा खंडित झाल्याने व्हेंटिलेटरवरचे रुग्ण दगावले. दोन्ही ठिकाणी धोका बाहेरून आला नव्हता. त्यानंतर मे महिन्यात तौक्ते वादळ आले, तेव्हा आपल्याकडे कोविडचा कहर चालू होता आणि वादळाने राज्यभर वीज गेली. म्हणून एकावेळी एकच संकट येईल असे धरून केलेला आराखडा मला अपुरा वाटतो. जोराच्या पावसात, वीज नसताना, पंपाशिवाय पाण्याचा पाइप चालेल का, हे पाहायला हवे. टाकी उंचावर असेल तर चालेल.

कुंकळ्ळीकार

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. आमच्या गावाजवळ औद्योगिक वसाहत आहे, म्हणून वाचतो आहे. दोन प्रश्न आहेत. रुग्णाला धुतलेले पाणी जाते कुठे? आमच्याकडे विहिरी आहेत, पुढे साळ नदी आहे. आणि आम्ही सामान्य माणसांनी रुग्णालयात जाण्याआधी काय करावे?

अपघात_कक्ष

पाणी अडवण्याची सोय असेल तर ते वेगळ्या टाकीत घ्यावे आणि नंतर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सल्ल्याने त्याची विल्हेवाट लावावी. सोय नाही म्हणून धुणे थांबवायचे नाही, माणूस आधी. मात्र नवीन इमारत बांधताना कॅज्युअल्टीच्या बाहेरचा उतार आणि गटार विहिरीच्या दिशेला जात नाही ना, एवढे आजच पाहता येते.

तुम्ही स्वतः वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जावे, ढगाच्या पुढे पुढे पळू नये. अंगावर द्रव उडाला असेल तर घरच्या नळाखालीच कपडे काढून भरपूर पाण्याने धुवावे, मग निघावे. नुसता वास येत असेल तर दारे-खिडक्या लावून, पंखे आणि एसी बंद करून, ११२ वर कळवून सूचनेची वाट पाहावी. आणि टँकरवर केशरी पाटी असते, तिच्यावरचा चार आकडी क्रमांक दुरून दिसला तर तेवढा सांगावा. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन. त्यासाठी टँकरच्या जवळ मात्र जाऊ नये.

वेर्णा_सेफ्टी

शेवटी तालमीविषयी एक प्रस्ताव मांडतो. आमच्या सगळ्या तालमी कारखान्याच्या फाटकाशी संपतात. सायरन वाजतो, कामगार जमतात, मोजदाद होते, एक ‘जखमी’ रुग्णवाहिकेत चढतो, टाळ्या होतात. पुढच्या वेळी आम्ही रुग्णवाहिका वापरणार नाही. पाच कामगारांना ओल्या कपड्यांत, वैद्यकीय अधीक्षकांची परवानगी घेऊन परंतु कॅज्युअल्टीला आधी न कळवता, पिकअप आणि रिक्षाने पाठवू. दारात त्यांना कोण अडवतो, किती वेळात पाणी सुरू होते आणि रुग्णालयातून आमच्या शिफ्ट इन्चार्जला फोन येतो की नाही, एवढेच नोंदवू. कामगारांतले दोघे ओडिशाचे असतील, म्हणजे मराठी-कोंकणी न कळणाऱ्या माणसाला कपडे काढायला कसे सांगायचे, हेही कळेल. डॉक्टरबाब, तुमच्या अधीक्षकांशी बोलून तारीख कळवा. पावसाळ्यातली आणि रात्रपाळीची असेल तर जास्त बरे.

अपघात_कक्ष

सोमवारी बोलतो. रात्रपाळीताई, कपडे कापण्याचा आणि आडोशाचा भाग तुम्ही लिहून द्याल का? तो सूचनाफलकावर चित्रांसह लावू, म्हणजे भाषेची अडचण तिथेच सुटेल.